महाकवी गटे आणि उंचीचे भय

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांनी काय मिळविले हे जाणण्यासाठी. त्यांनी कोणता ग्रंथ लिहिला, कोणता शोध लावला, कोणते राज्य राखले, याची नोंद पुस्तकात सापडते. परंतु त्यांना कशाचे भय वाटत होते आणि त्या भयाशी त्यांनी कसा व्यवहार केला, हे विचारण्याचे आपल्या मनात क्वचितच येते. वास्तविक आपल्यासारख्या सामान्य माणसांना चरित्राचा खरा उपयोग होतो तो येथेच. कारण प्रतिभा उसनी घेता येत नाही, पण भयाशी झुंजण्याची रीत शिकून घेता येते. जर्मनीचा महाकवी गटे याच्या चरित्रातील असाच एक भाग विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडील मंडळींपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ज्याच्या बुद्धीची झेप सर्व युरोपखंडाने वाखाणली, तो हा पुरुष तरुणपणी उंच जागी उभा राहिला की त्याला घेरी येत असे.

हा विषय आपल्या कळंबगावाला परका आहे असे नाही. आपल्या किनाऱ्यावर माड आणि ताड यांना तोटा नाही. माडावर चढणारा माणूस शेंड्यापाशी बसून सहज कोयता चालवतो, आणि त्याच गावातले दुसरे एखादे माणूस घराच्या गच्चीवरून खाली वाकून पाहण्यासही धजत नाही. दोघांचेही डोळे धड, दोघांचेही पाय धड. मग हा भेद कोठून आला? खालून माडाकडे पाहताना त्याची उंची मोजकी वाटते. त्याच माडावरून खाली पाहिले तर जमीन कितीतरी खोल गेलेली दिसते. माड तर तेवढाच आहे. तेव्हा अंतर हे केवळ जमिनीवर असते असे नाही. त्यातले काही अंतर आपल्या मनातही असते. ते कसे, हे गटेच्या चरित्रावरून चांगले कळून येते.

योहान वोल्फगांग गटे याचा जन्म २८ ऑगस्ट १७४९ रोजी फ्रँकफुर्ट शहरी एका सुखवस्तू घराण्यात झाला. वडील योहान कास्पर हे कायद्याचे पंडित, शिस्तीचे कडक आणि मुलांच्या शिक्षणाविषयी अत्यंत दक्ष. आई काटारीना एलिझाबेट ही आनंदी वृत्तीची व गोष्टीवेल्हाळ. मुलांनी लहानपणापासून अंधारात एकटे निजावे, म्हणजे भुताखेतांचे भय त्यांच्या मनात राहणार नाही, असा त्या घरचा दंडक होता. मुले घाबरून अंथरुणातून उठत आणि दासदासींच्या खोलीकडे पळत, तेव्हा वडील आपला घरातला झगा उलटा घालून वेष पालटून वाटेत उभे राहत आणि मुलांना भिववून परत पिटाळीत. त्यामुळे झाले काय, तर आधी एक भय होते त्याची दोन झाली. आईने निराळा उपाय योजिला. पीचच्या फळांचा हंगाम होता. जे मूल रात्र धीराने काढील त्याला सकाळी ती गोड फळे पोटभर मिळतील, असे तिने मुलांना सांगितले. उपाय लागू पडला. पुढे म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात गटेने ही गोष्ट मुद्दाम नमूद केली आहे. भयावर भयाचा उतारा चालत नाही, धीर हळूहळू वाढवावा लागतो, हा धडा त्याला घरातच मिळाला होता.

वयाच्या १६ व्या वर्षी, म्हणजे १७६५ मध्ये, त्याला कायद्याच्या अभ्यासासाठी लाइप्झिग येथे पाठविण्यात आले. तेथे त्याचे मन कायद्यापेक्षा काव्यात व चित्रकलेत अधिक रमले. १७६८ मध्ये त्याची प्रकृती एकाएकी इतकी ढासळली की अभ्यास अर्धा टाकून त्याला घरी परतावे लागले. सुमारे दीड वर्ष दुखण्यात गेले. शरीर सावरले, पण मन अतिशय हळवे झाले. मोठा आवाज सहन होईना. रोग व जखमा पाहून शिसारी येई. आणि उंचावरून खाली दृष्टी गेली की डोके गरगरू लागे. अशा स्थितीत एप्रिल १७७० मध्ये तो कायद्याची पदवी पुरी करण्याकरिता स्ट्रासबुर्ग शहरी येऊन दाखल झाला.

स्ट्रासबुर्गचे भव्य ख्रिस्तमंदिर तेव्हाही प्रसिद्ध होते. त्याचा एकुलता मनोरा १४३९ मध्ये पुरा झाला. त्याची उंची १४२ मीटर असून गटेच्या काळी ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. शहरात पाऊल ठेवताच गटे प्रथम या मंदिराकडे गेला व सुमारे ६६ मीटर उंचीवरील विस्तीर्ण सज्जावर चढून त्याने सभोवारचा हिरवागार प्रदेश पाहिला. तो सज्जा रुंद व कठड्याने बंदिस्त आहे. परंतु त्याच्याही वर दगडी नक्षीकामातून मनोरा आकाशात चढत जातो. आपल्या दुबळेपणाची चीड येऊन गटेने निश्चय केला की, जेथे भय अधिकात अधिक वाटेल तेथेच जाऊन बसावयाचे.

तो एकटाच मनोऱ्याच्या अगदी शेंड्याकडे चढला. कळसाच्या खाली एक अरुंद जागा आहे. तिला मनोऱ्याची मान म्हणत. तेथे तो पाव तासभर बसून राहिला. मग धीर करून बाहेर मोकळ्या हवेत आला. बाहेर उभे राहण्यास जेमतेम एक-दीड हात लांबरुंद दगडी फरशी, आणि आधारासाठी धरावे असे जवळपास विशेष काही नाही. पुढे अफाट मुलूख पसरलेला. पण ज्या इमारतीवर आपण उभे आहोत ती मात्र जवळच्या नक्षीकामामुळे दिसेनाशी झालेली. विमानात बसून आकाशात तरंगावे तसा तो अनुभव होता, अशा अर्थाचे वर्णन त्याने केले आहे. त्याच्या मनात अर्थात त्याच्या हयातीत फ्रान्समध्ये निघालेले उष्ण हवेचे विमान होते. एकदा चढून तो थांबला नाही. त्या ठिकाणी उभे राहणे अगदी सामान्य वाटेपर्यंत तो हा क्रम वारंवार करीत राहिला.

त्या एवढ्याशा फरशीवर काय घडत होते, याचा उलगडा पुढे दोनशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी केला. आपण सरळ उभे असतो तेव्हाही आपले शरीर किंचित हेलकावत असते. तो हेलकावा सावरण्यास कानाच्या आतील तोल सांभाळणारी इंद्रिये, पायांतील स्पर्श व स्नायूंची जाणीव आणि डोळे अशी तीन साधने साह्य करतात. डोळ्यांचे काम असे की, आपण जरासे पुढे झुकलो तर समोरची खुर्ची किंवा भिंत किंचित सरकल्यासारखी दिसते, आणि त्या खुणेवरून शरीर आपोआप मागे येते. विद्यार्थ्यांनी सपाट जमिनीवर, भिंतीजवळ, एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहावे. डोळ्यांचा आधार केवढा असतो ते तत्काळ कळेल. आता उंच मनोऱ्यावर काय होते? दृष्टीपुढची सर्वांत जवळची वस्तूही पुष्कळ दूर असते. दूरची वस्तू आपल्या लहानशा हेलकाव्याने सरकल्यासारखी दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांकडून येणारी खूण बंद पडते, शरीराचा हेलकावा वाढतो आणि घेरी आल्यासारखे वाटते. जर्मनीतील वैद्य टोमास ब्रांट व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखवून दिले. बसल्याने, कठडा धरल्याने किंवा जवळच्या स्थिर वस्तूकडे पाहिल्याने बरे वाटते ते याच कारणाने. गटे आधी मानेत बसला व मग बाहेर आला, हा त्याचा क्रम त्याला न कळत शास्त्राला धरून होता.

परंतु एवढ्याने भयाचे सर्व कोडे सुटत नाही. उंचीवर थोडीशी अस्वस्थता पुष्कळांना वाटते. जर्मनीतील एका मोठ्या पाहणीत शंभरांपैकी सुमारे २८ जणांनी असा अनुभव कधी ना कधी आल्याचे सांगितले, व ती पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मग काहींचे भय ओसरते आणि काहींचे घर करून का बसते? येथे अंतराचा प्रश्न येतो. अमेरिकेत जेनिन स्टेफानूची व डेनिस प्रॉफिट या संशोधकांनी लोकांना सज्जाची उंची खालून व वरून अजमावयास सांगितली. वरून पाहताना लोकांना ती उंची खऱ्याहून अधिक वाटली, आणि ज्यांना उंचीचे भय अधिक त्यांचा अंदाज अधिकच फुगला. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. भय प्रत्यक्ष दृष्टीलाच पालटते की पाहिल्यानंतरच्या अंदाजाला, याविषयी विद्वानांत वाद आहे. पण भ्यालेल्या माणसाच्या लेखी खोली वाढते, हे मात्र त्या प्रयोगांत दिसून आले. यातून एक चक्र उत्पन्न होते. भयाने खोली वाढते, वाढलेली खोली पाहून भय वाढते, आणि माणूस पळून गेला की तो खोटा हिशेब मनात तसाच खरा म्हणून राहून जातो.

खोली दिसणे आणि खोलीचे भय वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्यावे. कॉर्नेल विद्यापीठातील एलिनॉर गिब्सन व रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मेजावर जाड काच बसविली. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचे कापड, व उरलेल्या अर्ध्यात तेच कापड पुष्कळ खाली. ६ ते १४ महिन्यांच्या ३६ बाळांना मधल्या फळीवर ठेवून आयांनी त्यांना दोन्ही बाजूंनी बोलाविले. २७ बाळे फळी सोडून पुढे सरकली. त्यांपैकी खोल दिसणाऱ्या बाजूवर गेली ती केवळ तीन. पुढील संशोधनात असे आढळले की, अजून रांगू न लागलेल्या तान्ह्या बाळाला खोली दिसते, पण तिचे भय वाटत नाही. रांगू लागून थोडे दिवस गेले म्हणजे ते जपून वागू लागते. भय हे अनुभवाबरोबर येते. म्हणून ते अनुभवानेच आटोक्यात आणता येते.

येथे महाराष्ट्रीय वाचकास रायगडच्या हिरकणीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गडाचे दरवाजे मिटले, आणि घरी तान्हे मूल असलेली ती गवळण रात्रीच्या काळोखात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. मातेच्या प्रेमापुढे भय टिकले नाही, हे त्या कथेचे मर्म होय. पण काळोखाने कड्याची खोलीही झाकून टाकली होती, असेही म्हणता येईल. गटेची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला कोणतेही संकट ढकलीत नव्हते आणि अंधाराचा आडोसाही नव्हता. दिवसाच्या उजेडात सगळी खोली डोळ्यांनी पाहत उभे राहावयाचे, आणि ती जेवढी आहे तेवढीच दिसू लागेपर्यंत तेथून हलावयाचे नाही, असे त्याचे व्रत होते.

हेच व्रत त्याने इतर भयांनाही लावले. सायंकाळी शिपायांचे नगारे वाजत निघत, तेव्हा कानठळ्या बसल्या तरी तो त्यांच्या बाजूने चालत जाई. रोगाची शिसारी जावी म्हणून तो वैद्यकीच्या विद्यार्थ्यांबरोबर शरीरविच्छेदनाच्या वर्गांना बसू लागला. रात्री स्मशानभूमीत व निर्जन जागी एकटा फिरून त्याने अंधाराचे भय घालविले. पुढे पुढे तर मुद्दाम प्रयत्न केला तरी ती जुनी धडकी मनात उठेना.

ऑगस्ट १७७१ मध्ये कायद्याचा अभ्यास पुरा करून तो स्ट्रासबुर्गहून परतला. ज्या मनोऱ्याचे त्याला भय वाटले त्याच्याच शिल्पाची थोरवी गाणारा निबंध त्याने १७७२ मध्ये प्रसिद्ध केला. १७७४ मध्ये आलेल्या वेर्टरच्या कादंबरीने तो सर्व युरोपात प्रसिद्ध झाला, आणि १७७५ मध्ये वायमारच्या तरुण अधिपतीने त्याला आपल्या दरबारी बोलाविले. तेथे त्याच्याकडे राज्याच्या खाणी, रस्ते व जमाखर्च अशी रुक्ष कामेही आली, व ती त्याने निष्ठेने केली.

मनोऱ्यावर मिळविलेला धीर येथून पुढे त्याला जन्मभर पुरला. डिसेंबर १७७७ मध्ये, बर्फ पडलेले असताना, तो ११४१ मीटर उंचीच्या ब्रॉकेन पर्वतावर चढला. १७७५, १७७९ व १७९७ अशा तीन वेळी त्याने स्वित्झर्लंडच्या पर्वतांत प्रवास केला. खडकांचे परीक्षण हा त्याचा आवडता अभ्यास. तो उंच कड्यांवर गेल्यावाचून होण्यासारखा नव्हता. इमारतींच्या कामावर उघड्या तुळयांवरून सुतारांच्या बरोबरीने तो चालत असे. १७८६ मध्ये तो इटलीस गेला. व्हेनिस येथे सेंट मार्कच्या मनोऱ्यावर चढला असता ३० सप्टेंबर रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याला आयुष्यात प्रथम समुद्राचे दर्शन झाले. आपण समुद्राकाठची माणसे. आपल्याला लाटांचा आवाज ऐकत झोप येते. पण या महाकवीने समुद्र प्रथम पाहिला तो एका मनोऱ्यावरून. मनोऱ्याचे भय मनात कायम असते, तर तो दिवस त्याला तसा लाभता ना! पुढे रोममध्ये उंच भिंतींवरील कलाकृती जवळून पाहता आल्या, आणि मार्च १७८७ मध्ये धुमसत्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या मुखापर्यंत जाता आले, तेही याच शिदोरीवर.

परत आल्यावर त्याचा उर्वरित काळ वायमार येथे लेखनात व शास्त्राभ्यासात गेला. १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टर याने केलेले कालिदासाच्या शाकुंतलाचे जर्मन भाषांतर त्याच्या वाचनात आले, आणि त्या नाटकाची स्तुती त्याने पद्यात केली. फाउस्ट या त्याच्या नाटकाचा पहिला भाग १८०८ मध्ये प्रसिद्ध झाला. १८१० मध्ये रंगांविषयीचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात न्यूटनवर त्याने केलेली टीका पदार्थविज्ञानाने मान्य केली नाही. परंतु डोळा हा नुसता आरसा नसून पाहण्याच्या क्रियेत त्याचाही वाटा असतो, हे दाखविणारी त्याची निरीक्षणे आजही आदराने वाचली जातात. आपण जे पाहतो त्यात आपले स्वतःचेही काही मिसळलेले असते, हे ज्याने मनोऱ्यावर अनुभविले, त्यानेच पुढे या विषयाचा शोध घ्यावा, हे मोठे समर्पक वाटते.

२७ ऑगस्ट १८३१ रोजी, ८२ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, गटे इल्मेनाउजवळच्या किकेलहान डोंगरावर गेला. १७८० मध्ये तेथील लाकडी झोपडीच्या भिंतीवर त्याने आपल्या हातांनी एक लहानशी कविता लिहिली होती. ५१ वर्षांनी ती अक्षरे वाचताना वृद्ध कवीचे डोळे भरून आले. त्याच वर्षी फाउस्टचा दुसरा भाग पुरा झाला, आणि २२ मार्च १८३२ रोजी वायमार येथे त्याचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातून भलताच अर्थ मात्र काढू नये. गटेने जे केले ते कोणाला दाखविण्यासाठी नव्हे, पैजेसाठी नव्हे. पडक्या बुरुजावर, विहिरीच्या काठावर किंवा माडावर जाऊन धाडस दाखविणे हा धीर नव्हे, तो अविचार होय. उंचीचे भय हे ईश्वराने दिलेले राखणदार आहे. त्याला हाकलून द्यावयाचे नाही, त्याला खरे बोलावयास शिकवावयाचे आहे. कठडा असलेल्या सुरक्षित जागी, वडीलधाऱ्या माणसाच्या सोबतीने, आज पहिला जिना, काही दिवसांनी दुसरा, असे जावे. भय वाटताच पळू नये, ते ओसरेपर्यंत थांबावे, आणि मगच उतरावे. आजचे मानसोपचारतज्ज्ञही उंचीच्या भयावर हीच पायरी-पायरीची पद्धत वापरतात. भय फार असेल तर त्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

पालकांसही एक विनंती आहे. आपले मूल जिन्यावर थबकले, पुलावर हात घट्ट धरून राहिले, तर त्याला भित्रा म्हणून हसू नये. त्याला जी खोली दिसते आहे ती आपल्याला दिसणाऱ्या खोलीहून मोठी आहे. ते खोटे बोलत नाही. उलटा झगा घालून भिवविणारे वडील आणि फळाची आशा लावून धीर वाढविणारी आई, अशी दोन माणसे गटेच्या घरात होती. त्या मुलाने पुढे मनोऱ्यावर जी रीत वापरली ती कोणाची, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. परीक्षा, सभेतले भाषण, परकी भाषा, मोठे शहर, या सर्वांची उंची दुरून अशीच वाढलेली दिसते. मुलाला त्या पायरीवर थोडा वेळ उभे राहू द्यावे, आणि आपण जवळ उभे राहावे.